वाळू, तलाव आणि नाकातले मांस

१९३३ साली लंडनच्या ‘जर्नल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीन’मध्ये पुण्याविषयी एक टिपण छापून आले. लेखक होते नोरोन्हा आणि विषय होता पुण्यात वाळू काढणाऱ्या मजुरांच्या नाकात वाढणारे मांस. पुण्याची तेव्हाची वर्णने वाचली तर वाडे, शाळा, सभा आणि छापखाने पानोपानी भेटतात. या इमारतींच्या चुन्यात जी वाळू पडत होती ती नदीच्या तळातून वर आणणारा माणूस मात्र क्वचितच दिसतो. तो दिसला या टिपणात, आणि तोही आजारी पडला म्हणून.

हा आजार फार सावकाश चढतो. आधी एक नाकपुडी चोंदते. शिंकरताना रक्ताची रेघ येते. घोळणा फुटला, उष्णता झाली, असे म्हणून माणूस डोक्यावर पाणी थापतो आणि कामाला लागतो. महिने जातात, कधी वर्षेही. मग नाकपुडीच्या तोंडाशी मांस दिसू लागते: पिकल्या तुतीसारखे लाल, खरबरीत, बोट लागताच रक्त येणारे, आणि वर बारीक पांढरट ठिपके. दुखत सहसा नाही. त्यामुळेच डॉक्टरकडे जाणे लांबत राहते. घरच्यांना कॅन्सरची धास्ती वाटते, पण हा कॅन्सर नव्हे. तो रायनोस्पोरिडिओसिस. त्याला कारण असलेल्या जीवाचे नाव रायनोस्पोरिडियम सीबेरी.

या नावामागे एक जुना वाद आहे. ब्वेनोस आयरेसच्या गिलेर्मो सीबर यांनी १९०० साली आपल्या प्रबंधात नाकातल्या अशा गाठीचे वर्णन केले. इकडे कलकत्त्यात ओ’किनीली यांनी नाकाच्या पडद्यावरच्या अशाच वाढीवर १९०३ मध्ये लिहिले. १९०५ मध्ये मिंचिन आणि फँथम यांनी कलकत्त्याच्या नमुन्यावरून जीवाला ‘किनीली’ हे नाव देऊन टाकले. सीबर गप्प बसले नाहीत. १९१२ मध्ये त्यांनी पहिलेपणाचा हक्क सांगितला. पुढे १९२३ मध्ये एडिंबरोच्या अ‍ॅशवर्थ यांनी या जीवाचे जीवनचक्र सविस्तर मांडले आणि नाव ‘सीबेरी’च राहिले. अ‍ॅशवर्थ यांनी त्याची गणना बुरशीत केली. तो निवाडाही पाऊणशे वर्षांनी बदलायचा होता.

कलकत्ता, एडिंबरो, ब्वेनोस आयरेस या सगळ्यांना गाठ काचेखाली दिसत होती. गाठीचा धंद्याशी असलेला संबंध दिसला तो पुण्यात. नाकाच्या आजाराचा इतिहास सांगताना पुणे म्हटले की लोकांना आठवते ती १७९४ साली विलायतेत गाजलेली हकिगत: टिपूच्या लोकांनी नाक कापलेला कावसजी आणि कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक बसवणारा कारागीर. गोष्ट नाट्यमय आहे, म्हणून ती टिकली. वाळूवाल्यांच्या गोष्टीत तसे नाट्य नाही. आहे ते बारीक निरीक्षण.

ते निरीक्षण पुढे नेले मांडलिकांनी. जी. एस. मांडलिक यांचा लेख १९३७ च्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये आला. संसर्ग होतो कसा, हा त्यांचा प्रश्न होता. वाळूच्या धंद्यात कामाची वाटणी असते. काही जण पाण्यात बुडी मारून तळाची वाळू भरतात, काही वर राहून ती घेतात आणि वाहतात. नदी तीच, वस्ती बहुधा तीच, खाणेपिणेही फारसे वेगळे नाही. तरी आजार बुडी मारणाऱ्यांना होई, वर राहणाऱ्यांना नाही. म्हणजे हा आजार माणसाकडून माणसाला जात नव्हता, त्याची वाट पाण्यातून होती. तळ ढवळला की वाळूचे कण नाकात जातात, आतल्या नाजूक अस्तरावर ओरखडा उमटतो आणि गढूळ पाण्यातल्या जीवाला शिरायला जागा मिळते. ही उपपत्ती आजही सर्वांत पटण्यासारखी मानली जाते. कुठलेही यंत्र न वापरता, कोण पाण्याखाली आणि कोण पाण्यावर एवढेच पाहून काढलेला हा निष्कर्ष आहे.

पुण्याहून आता राज्याच्या दुसऱ्या टोकाला जायला हवे. मुंबई-हावडा मार्गावर गोंदियाच्या पुढे सालेकसा लागते, मग दरेकसा, आणि नंतर छत्तीसगडातले डोंगरगड. दरेकसाजवळच्या डोंगरात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि काली कंकाली यांच्या कथा या गुहेशी जोडलेल्या आहेत. माघ पौर्णिमेला इथे कोयापुनेम यात्रा भरते. तिला आजचे मोठे रूप आले ते १९८०च्या दशकापासून, भाषाभ्यासक मोतीराम कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांच्या खटपटीने. पायथ्याच्या धनेगावात उतरणारे यात्रेकरू महाराष्ट्राचे असतात तसे छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातलेही असतात. राज्याची हद्द इथे नकाशापुरतीच.

आजारालाही ही हद्द ठाऊक नाही. जगात या आजाराचे बहुसंख्य रुग्ण भारत आणि श्रीलंकेत सापडतात, आणि भारतात छत्तीसगडचे मैदान हा त्याचा जुना मुलूख. तोच धानाचा आणि तलावांचा पट्टा डोंगरगडच्या अलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात उतरतो. नागपूर आणि रायपूरच्या कान-नाक-घसा विभागांना हा आजार अनोळखी नाही. मुंबईत शिकलेल्या एखाद्या तरुण डॉक्टरने तो केवळ पुस्तकात पाहिलेला असू शकतो.

पुण्यात धंद्याने जे घडवले ते इथे रोजच्या चालीने घडते. पूर्व विदर्भातले तलाव हे साधे खड्डे नव्हेत, ती एक पिढीजात विद्या आहे. काशीच्या बाजूने कोहळी समाजाला गोंड राजांनी इकडे आणले, तलाव बांधेल त्याला जमीन दिली, अशी परंपरा सांगतात. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे हजारो तलाव. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तरी नाव राहिले: सरकारी कागदावर माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. शिवाय शेतोशेती बोड्या, म्हणजे छोटी तळी. धानाला पाणी यांचेच, मासे आणि शिंगाडे यांतलेच, कपडे यांच्याच काठावर धुतले जायचे. म्हशी यांतच डुंबायच्या, पोळ्याला बैल यांतच न्हायचे आणि पोरे पारीवरून यांतच उड्या टाकायची.

सीबेरी गाय, बैल, म्हैस, घोडा, कुत्रा यांच्याही नाकात वाढतो. गुरे आणि माणसे एका पाण्यात उतरतात तिथे रुग्ण अधिक दिसतात, हे अनेक डॉक्टरांनी नोंदले आहे. रुग्णांत तरुण मुलगे आणि पुरुष जास्त. बुडी कोण मारतो, हे पाहिले तर त्याचे नवल वाटू नये. तरीही एका तलावात शेकडो लोक न्हातात आणि मांस वाढते ते एखाद्याच्याच नाकात. असे का, याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही.

१९५०च्या कायद्याने मध्य प्रांतातली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे योग्यच झाले, पण तिच्याबरोबर तलावाच्या देखभालीची जबाबदारीही पोरकी झाली. गाळ साचला, पाणी उथळ झाले, काठाला बेशरमची झुडपे माजली. आजार यामुळे वाढला असा हिशेब कोणी मांडलेला नाही आणि इथेही तो मांडायचा नाही. साचलेल्या उथळ पाण्यावर मात्र या आजाराच्या अभ्यासकांचा संशय पहिल्यापासून आहे. हे केवळ गरीब देशांतच घडते असेही नाही. १९९० च्या दशकात सर्बियात एका तलावावर पोहायला गेलेल्या लोकांत या आजाराची साथ आली होती.

नारूशी तुलना केली तर या आजाराची पंचाईत कळते. नारूही पाण्यातलाच. पायविहिरीत उतरलेल्या माणसाच्या पायातून जंत बाहेर यायचा, पाण्यात अळ्या सोडायचा आणि तेच पाणी प्यायल्यावर त्या दुसऱ्याच्या पोटात जायच्या. साखळीचा प्रत्येक दुवा माहीत होता, म्हणून पाणी गाळून आणि विहिरी बंद करून ती तोडता आली. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. सीबेरीचा दुवाच हाती लागत नाही. प्रयोगशाळेतल्या माध्यमावर तो वाढवता येत नाही. गाठीत त्याच्या गोल पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, एकेका पिशवीत हजारो बीजाणू असतात, पण तलावात तो कुठल्या रूपात राहतो ते नीट समजलेले नाही. १९९७ मध्ये दिल्लीच्या अहलुवालिया आणि सहकाऱ्यांनी हा बुरशी नसून तलावातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा प्रकार असल्याचे प्रतिपादन केले. दोनच वर्षांनी हेर, मेंडोझा आणि श्रीलंकेचे अर्सेकुलरत्ने यांच्या चमूने त्याची जनुकीय तपासणी केली. तो ना बुरशी निघाला ना शेवाळ, तो माशांना पिडणाऱ्या परजीवींचा जवळचा नातलग निघाला. प्राणी आणि बुरशी यांचे वंश जिथे वेगळे होतात, त्या फाट्याजवळचा हा गट. पाण्याशी असलेले नाते आधी वाळूवाल्यांच्या कामातून कळले होते, ते आता जनुकांतून पटले.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने विदर्भाला सायनस हा शब्द घरोघरी शिकवला. हा म्युकर काही दिवसांत डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत जायचा, म्हणून सारी यंत्रणा धावली. त्यावरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनचा तुटवडा पडल्यावर वर्ध्यातल्या कारखान्यात ते इंजेक्शन बनू लागले. सीबेरी सहसा जीव घेत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी धावत नाही.

त्याच्यावरचे औषध गोळीत सापडले नाही. ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्येच १९३६ साली अ‍ॅलन आणि दवे यांनी ६० रुग्णांच्या उपचारांचा लांबलचक अभ्यास छापला होता. त्यानंतर भुलीची आणि शस्त्रक्रियेची साधने बदलली, दुर्बीण आली, मुख्य उपाय बदलला नाही: मांस मुळापासून काढायचे आणि ते जिथे चिकटले होते ती जागा विजेच्या डागणीने जाळायची. कापताना बीजाणू रक्तासोबत आजूबाजूला सांडतात आणि तिथे नवी गाठ धरू शकते, म्हणून सर्जनला हात जपून चालवावा लागतो. इतके करूनही मांस पुन्हा वाढते. ते टाळण्यासाठी पुष्कळ ठिकाणी वर्षभर डॅप्सोन देतात. हे कुष्ठरोगाचे औषध. दत्तपूर आणि आनंदवन ही कुष्ठरुग्णांची केंद्रे पाहिलेल्या विदर्भात ते नवे नाही, त्यामुळे गोळीचे पाकीट ओळखीचे निघाले की घरात आधी भलताच गैरसमज पसरू शकतो आणि तो दूर करण्याचे काम डॉक्टरकडे येते.

सालेकसा भागातल्या रुग्णाला या शस्त्रक्रियेसाठी दीर्घकाळ नागपूर किंवा रायपूर गाठावे लागे. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, रायपूरचे १९६३ चे. गोंदियाला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले २०१६ मध्ये, जिल्हा होऊन सतरा वर्षे झाल्यावर. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे तपासणीला बोलवावे लागते. रुग्ण मात्र नाक मोकळे झाले की धानाच्या रोवणीला लागतो. तलावात बुडी मारू नका, हे त्याला घरी सोडताना सांगितलेले असते. घरी नळ आला असेल तर ते पाळणे सोपे जाते.