पेंव आणि पेटी



एखाद्या गोष्टीची एकाएकीं गर्दी उसळली म्हणजे तिचें 'पेंव फुटलें' असें आपण म्हणतों. हा वाक्प्रचार शहरांत सर्रास चालतो. पण प्रत्यक्ष पेंव पाहिलेले थोडेच. पेंव म्हणजे धान्य सांठविण्यासाठीं जमिनींत खणलेलें कोठार. त्याचा तळ व बाजू कडब्यानें मढवावयाच्या, आंत ज्वारी भरावयाची, आणि तोंड दगडमातीनें पक्कें लिंपावयाचें. आंतील प्राणवायु हळूहळू संपत येई आणि कीड गुदमरून मरे. पेंव उघडल्याबरोबर आंत कोणी उतरत नसे तें याच कारणानें. कोंडलेली विषारी हवा निघून जाईपर्यंत थांबावें लागे.

अन्नाच्या नासाडीचा विचार करण्याकरितां आज आपण आटपाडीस जाऊं. माणदेशांतील हें गांव पूर्वीं औंध संस्थानांत होतें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. १९४९ पासून आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यांत आली, आणि १९६० सालीं त्याच जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. पाऊस येथें थोडा आणि बेभरंवशाचा. १८७६-७८ च्या दुष्काळानें दक्षिण महाराष्ट्र होरपळून निघाला. १९७२ नें तोच धडा पुन्हां दिला. अशा मुलखांत शिल्लक ज्वारी म्हणजे पुढील सालचें आयुष्य. कणगी शेणामातीनें सारवणें, बियाण्यास राख चोळणें, धान्यांत कडुनिंबाचा पाला घालणें, हीं कामें बहुधा बायकांच्या हातचीं. जो दाणा सडेल तो आपल्याच ताटांतला, हें प्रत्येकास ठाऊक होतें.

पेंव निर्दोष होतें असें मात्र नव्हे. ओल शिरली कीं कडेचें धान्य नासे. सांगलीजवळच्या हरिपुरास हळदीचीं पेंवें प्रसिद्ध होतीं; २००५ च्या महापुरांत त्यांची मोठी हानि झाली. धान्याला तोंवर नवे राखणदार मिळाले होते. १९५७ सालीं केंद्रीय वखार महामंडळ निघालें, १९६५ सालीं भारतीय अन्न महामंडळ.

पण आटपाडीचें पीकच बदललें. १९९० सालीं राज्यानें रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना सुरू केली, आणि कोरड्या हवेंत टिकणारें डाळिंब माणदेशांत पसरलें. पुढें टेंभू योजनेनें कराड तालुक्यांतून कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उपसून या उंच मुलखाकडे चढविलें. २०१२-१३ च्या दुष्काळांत तर टँकरचें पाणी विकत घेऊन बागा जगविल्या गेल्या.

डाळिंब पेंवांत पुरतां येत नाहीं. ताण पडलेल्या झाडास एकदम पाणी मिळालें कीं फळ तडकतें. तेल्या रोगानें सालीवर काळे डाग उठतात. तोडल्यावर डाळिंब पिकत नाहीं, म्हणून घाईनें तोडलेलें फळ कच्चेंच राहतें. नंतर निवड, पेटी, लिलाव, लांबचा प्रवास. सुमारें पांच अंश उष्णतामानांत व दमट हवेंत तें दोन महिने टिकतें. पण शीतगृहाची ती साखळी कोठेंहि तुटली कीं फळ उतरूं लागतें. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेची देशव्यापी पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत तृणधान्यांची हानि ४.६५ ते ५.९९ टक्के, तर फळें व भाज्या यांची ४.५८ ते १५.८८ टक्के आढळली.

जुन्या आणि नव्या नासाडींत मुख्य भेद हा कीं पूर्वीं ती एका घराच्या अंगावर पडे. म्हणून तें घर डोळ्यांत तेल घालून जपे. आज ती बाग, मोटार, बाजार, दुकान आणि आपलें स्वयंपाकघर यांत वांटली गेली आहे. प्रत्येकाच्या वांट्यास येणारें नुकसान इतकें थोडें, कीं तें मोजण्याची तसदी कोणी घेत नाहीं. मोजतो तो एकटा बागवान, कारण उरलेल्या साऱ्यांचा तोटा भावांतून अखेर त्याच्याकडेच परततो.

सालीवर चार डाग असलेल्या डाळिंबाचे दाणे पुष्कळदां आंतून निर्मळ असतात. तरी डाग पाहून आपण तें बाजूला सारतों, आणि लिलावांत त्याचा भाव पडतो. त्या फळाबरोबर नदीचें चढविलेलें किंवा टँकरनें आणलेलें पाणीहि फुकट जातें. दुष्काळी मुलखांत याहून महाग असें दुसरें कांहीं नाहीं. पुढच्या वेळीं डाळिंब निवडतांना सालीबरोबर एवढेंहि आपण पाहावें.