सातारा-सांगली परिसरातील बौद्ध लेणी व उत्सव

महाराष्ट्राच्या दक्षिण भागात कृष्णा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत प्राचीन बौद्ध लेण्यांचे काही समूह आढळतात. कराडजवळचा आगाशिव डोंगर, वाईजवळचे लोहारे आणि नीरेकाठचे शिरवळ ही त्यांपैकी प्रमुख स्थळे आज सातारा जिल्ह्यात आहेत. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने अलग झाला आणि १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. इतिहासदृष्ट्या दोन्ही जिल्हे एकच प्रदेश मानावे लागतात. या प्रदेशात बौद्ध धर्म दोनदा नांदला : एकदा लेण्यांतून, आणि सुमारे हजार वर्षांच्या खंडानंतर १९५६ पासून नगरांतील व खेड्यांतील विहारांतून. पहिल्या पर्वाची वास्तू शिल्लक आहे, पण तिचे उत्सव लुप्त झाले. दुसऱ्या पर्वाचे उत्सव उत्साहाने साजरे होतात, पण ते बहुधा त्या प्राचीन वास्तूंपासून दूर, वस्तीत होतात. या स्थळांचा विचार करताना ही फारकत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कराडचे प्राचीन नाव करहाटक. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयाच्या प्रसंगी त्याचा उल्लेख येतो. त्याहून महत्त्वाचा पुरावा शिलालेखांचा आहे. मध्य प्रदेशातील भारहूत येथील स्तूपाच्या दगडी कठड्यावर इ.स.पू. दुसऱ्या शतकातील दानलेख असून त्यांत करहकट येथील दात्यांची नोंद आहे. एक दान तर कोणा व्यक्तीचे नसून समग्र निगमाचे, म्हणजे व्यापारी नगराचे आहे. कोकणात राजपुरी खाडीनजीकच्या कुडा येथील लेण्यांत करहाकड येथे राहणाऱ्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाचा लेख आहे. एक दान शेकडो मैल दूरच्या स्तूपासाठी आणि दुसरे घाटाखालच्या बंदराजवळच्या लेण्यासाठी, यावरून कराडच्या बौद्ध समाजाचा व्याप किती दूरवर होता हे दिसते. कराड हे कृष्णा-कोयनेच्या संगमावरील ठाणे असून कोयनेच्या खोऱ्याने वर जाणारी वाट कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे उतरते. लेणी कोरवून घेणारा समाज या वाटांवर व्यापार करणारा होता. राजांची नावे येथे सापडत नाहीत आणि त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

कराडच्या नैर्ऋत्येस सुमारे ४ किमी. वर जखिणवाडी गावालगत आगाशिव डोंगर आहे. साताऱ्याचे संस्थान १८४८ मध्ये खालसा झाले, त्या काळात तेथे अधिकारी असलेले बार्टल फ्रीअर यांनी या लेण्यांचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. त्यांनी लेण्यांचे तीन गट पाडले : जखिणवाडीजवळची २३, उत्तरेकडील सोंडेच्या आग्नेय बाजूवरील १९ आणि कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून विखुरलेली २२. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथाने (१८८०) ती विद्वानांना परिचित झाली. अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्या प्रवाशाची येथे निराशा होण्याचा संभव आहे. चित्रे नाहीत, बोधिसत्त्वांच्या मूर्तींचा पसारा नाही. बहुतेक लेणी म्हणजे एक ओसरी, एक लहान दालन आणि आत भिक्षूला निजण्यासाठी कोरलेला दगडी ओटा. मोठ्या दालनांतही स्तंभ नाहीत. परंतु हा साधेपणाच त्यांच्या प्राचीनतेचा पुरावा मानला जातो. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे, बुद्धाची मूर्ती न करता स्तूपरूपाने त्याची उपासना करण्याच्या काळात, ती कोरली गेली असावीत. अर्धवर्तुळाकार पाठ व कमानदार छत असलेले एक चैत्यगृह त्यांत विशेष उल्लेखनीय असून त्याच्या दर्शनी भागी चक्र व सिंह ही धर्मचिन्हे दिसतात. वाचता येण्याजोगा एकच त्रुटित लेख उरला आहे. त्यावरून गोपालाचा पुत्र संघमित्र याने एक लेणे दान दिल्याचे कळते.

लेण्यांलगत पाण्याची टाकी आहेत. कित्येक ठिकाणी एका लेण्यास दोन टाकी आढळतात. प्राचीन लेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हणत. या टाक्यांचा संबंध थेट उत्सवाशी आहे. बौद्ध भिक्षू एरवी फिरते असत. आषाढ पौर्णिमेनंतर आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने मात्र त्यांना एका जागी राहण्याचा नियम होता. यासच वर्षावास म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाला ५,५०० मिमी. हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण-खटाव भागात तो ५०० मिमी.च्या आसपास असतो. कराड व वाई या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतात. पावसाळ्यात येथे आसरा हवाच, आणि पावसाळा संपल्यावर टाक्यांत साठवलेले पाणीही हवे. लेणे ही अशा रीतीने मूळची पावसाळी वस्ती होय. भिक्षापात्र घेऊन सकाळी गावात उतरून दुपारपूर्वी परतता यावे, इतक्याच अंतरावर ती कोरलेली आहेत.

वाईच्या उत्तरेस लोहारे गावाजवळ आठ लेण्यांचा समूह आहे. त्यांतील प्रमुख लेणे पालपेश्वर या नावाने शिवमंदिर म्हणून ओळखले जाते. आतील स्तूपाचा वरचा भाग फोडून व उरलेल्यास आकार देऊन त्याचे प्रचंड शिवलिंग बनविले आहे. शिरवळच्या नैर्ऋत्येस टेकडीच्या कुशीत पंधरा लेणी आहेत. त्यांतील चैत्यगृहात अगदी साधा स्तूप आहे. आगाशिवच्या एका चैत्यगृहात स्तूपाच्या पुढच्या बाजूस उत्तरकाळी विठ्ठलाची आकृती कोरली गेली. डोंगरास नाव मिळाले तेही माथ्यावरील शिवस्थानावरून. श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस भाविक तेथे चढून जातात. लेण्यांना लोक सर्रास पांडवलेणी म्हणत आले, कारण ती कोणी कोरली याची आठवण गावांतून पूर्णपणे पुसली गेली होती.

या रूपांतराकडे केवळ विध्वंस म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. चिनी प्रवासी ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला तेव्हा त्याने सुमारे शंभर संघाराम व पाच हजारांच्या आसपास भिक्षू असल्याचे नोंदविले. त्यानंतर व्यापारी मार्गांचे महत्त्व पालटले, दानाचा ओघ शैव-वैष्णव देवालयांकडे व जैन वसतींकडे वळला आणि भिक्षुसंघ क्षीण झाला. सांगली जिल्ह्यातील कुंडल येथील लेणी जैनांची असून झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ ही तेथील तीर्थस्थाने आजही यात्रेकरूंनी गजबजतात; आगाशिवच्या तोलाचा बौद्ध समूह मात्र त्या जिल्ह्यात नाही. ओस पडलेल्या गुहेत पुढे कोणीतरी दिवा लावला, म्हणून ती वापरात राहिली, हेही खरे. तथापि स्तूप छिनून लिंग बनविताना मूळ वास्तूची हानी झाली, ही गोष्ट पूजेच्या सातत्याने झाकली जात नाही. अभ्यासकाने दोन्ही नोंदी ठेवाव्यात.

दुसऱ्या पर्वाचे धागे साताऱ्यातच सापडतात. भीमराव आंबेडकरांचे बालपण येथे गेले. त्यांच्या मातोश्री भीमाबाई यांचे १८९६ मध्ये साताऱ्यात निधन झाले. त्यांची समाधी तेथे आहे. राजवाड्यातील सरकारी शाळेत, म्हणजेच पुढील प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा’ या नावाने त्यांचा प्रवेश झाला. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तो विजयादशमीचा दिवस होता, म्हणजे प्राचीन गणनेनुसार वर्षावास संपण्यास जेमतेम पाच दिवस उरले होते. त्यानंतर या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांनी धम्म स्वीकारला आणि गावोगावी विहार उभे राहिले.

या समाजाच्या वार्षिक उत्सवांत वैशाख पौर्णिमा सर्वांत पवित्र होय. बुद्धाचा जन्म, संबोधी व महापरिनिर्वाण या तिन्ही घटना परंपरेने त्याच तिथीस मानल्या जातात. पंचशील ध्वजाचे आरोहण, त्रिशरण-पंचशील ग्रहण, मिरवणूक व खीरदान असा त्या दिवशीचा क्रम असतो. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन यांनाही उत्सवाचे किंवा स्मरणदिनाचे स्थान आहे. वर्षावासाचे पुनरुज्जीवन अधिक लक्षणीय म्हणावे लागेल. आषाढ ते आश्विन या काळात विहारांतून संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. भिक्षूंसाठी असलेला नियम येथे गृहस्थांच्या श्रवणव्रतात परिणत झाला आहे. ज्या समाजात भिक्षू थोडे आणि उपासक पुष्कळ, तेथे असेच होणार.

जेथे परंपरा खंडित झाली नाही, अशा देशाशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. थायलंडच्या सराबुरी प्रांतात फ्रा फुत्थबात हे बुद्धपदाचे देवस्थान आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सोंगथाम याच्या कारकीर्दीत ते प्रसिद्धीस आले. वर्षावास सुरू होताना तेथील डोंगरांवर उमलणारी रानफुले भाविक भिक्षूंच्या पात्रांत अर्पण करतात. त्याच प्रांतात एका गुहेच्या भिंतीवर द्वारावती काळातील बुद्धशिल्पही आहे. डोंगर, फूल, देवस्थान व पंचांग ही तेथे एकमेकांत गुंफलेली आहेत. साताऱ्यातही वर्षावासाच्याच महिन्यांत कासचे पठार रानफुलांनी भरून जाते. पश्चिम घाटातील ज्या स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत ते आहे. पण ही फुले कोणत्याही बौद्ध उत्सवाचा भाग नाहीत. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे प्राचीन शिवमंदिरांच्या सान्निध्यात माणसांनी लावलेल्या वनातून हरणांचे अभयारण्य उभे राहिले.

आगाशिवला जाण्यास कराडहून सोपा रस्ता आहे. पावसाळा सरल्यावरचे महिने चढणीस सोयीचे असतात. वरून कृष्णा-कोयनेचे खोरे दृष्टीस पडते. कराडमध्ये या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात, त्या स्थानास प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाण (१९१३–८४) यांची समाधी तेथेच आहे.