पाव, अर्धा, पाऊण ते शतमक

मराठी शाळांतून बाहेर पडलेल्या जुन्या पिढीला पावकी, निमकी आणि पाउणकी मुखोद्गत असे. सात पाऊणे सव्वापाच हे उत्तर कागद न घेता देता येणे ही त्या काळी हुशारीची साधी खूण होती. पुढे दशमान पद्धत रूढ झाली, अपूर्णांकांची पाढ्यांवरील पकड सैल झाली आणि ही कोष्टके वर्गातून निघून गेली. पाव, अर्धा आणि पाऊण या कल्पना मात्र शाळेतून गेल्या नाहीत. अकरावीच्या वर्गात त्या नव्या नावांनी परत आल्या: पहिले चतुर्थक, मध्यक आणि तिसरे चतुर्थक.

जुन्या आणि नव्या कल्पनेत एक महत्त्वाचा भेद आहे. पावकी वस्तूचे भाग करते. चतुर्थक रांगेचे भाग करते. गुण, उंची किंवा उत्पन्न चढत्या क्रमाने मांडले, की रांगेच्या पाव अंतरावर उभी असलेली किंमत म्हणजे पहिले चतुर्थक, अर्ध्यावर मध्यक आणि पाऊण अंतरावर तिसरे चतुर्थक. रांगेचे दहा समान भाग करणारी नऊ दशमके, शंभर भाग करणारी नव्व्याण्णव शतमके. उसाच्या कांडाचे चार तुकडे करायला तीनच घाव लागतात. म्हणून भाग चार असले तरी चतुर्थके तीनच. हा साधा हिशेब विद्यार्थ्यांच्या हातून चुकतो, कारण तुकडा आणि घाव यांतील फरक प्रथम कोणी दाखवलेला नसतो.

या शब्दांचा इतिहास फार जुना नाही. क्वार्टाइल हा शब्द डोनाल्ड मॅकॅलिस्टर यांच्या १८७९ मधील एका शोधनिबंधात येतो. पर्सेंटाइल हा शब्द फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८५ मध्ये रूढ केला. लंडनमध्ये १८८४ साली भरलेल्या आरोग्य प्रदर्शनात त्यांनी मोजमापाची एक प्रयोगशाळा थाटली होती. तेथे नऊ हजारांहून अधिक लोकांची उंची, वजन, हातातील बळ आणि नजर मोजली गेली. एवढ्या आकड्यांच्या ढिगात एखाद्या माणसाचे स्थान कोणते, हे सांगण्यासाठी त्यांना शंभर भागांची ही पट्टी हवी होती. त्याआधी १८७५ मध्येच त्यांनी एक युक्ती सुचवली होती: माणसांना उंचीनुसार रांगेत उभे करा आणि मधल्या व पाव-पाऊण अंतरावरील मोजक्या माणसांची उंची घ्या; सर्व समूहाचे चित्र हाती येते. आजही एखाद्या वर्गाला पटांगणात उंचीप्रमाणे उभे करून तीनच मुलांची उंची मोजली, तर चतुर्थकाची व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वीच समजून जाते.

त्याच गाल्टननी सुप्रजननाच्या विचारालाही नाव दिले आणि माणसांची वरची व खालची प्रत ठरवण्याचा मोह शास्त्राच्या अंगाला चिकटवला, हेही विसरता येत नाही. रांगेतील स्थान सांगणे वेगळे आणि माणसाची किंमत ठरवणे वेगळे. शतमकाच्या जन्मापासूनच ही दोन्ही कामे एकमेकांत मिसळत आली आहेत. म्हणून हा विषय शिकवणाऱ्याला गणिताबरोबर थोडे तारतम्यही शिकवावे लागते.

भारतात या पट्टीचा उपयोग प्रथम वेगळ्याच दिशेने झाला. कोलकात्यात १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. कुटुंबांच्या खर्चाचे आकडे प्रथमच देशभरातून येऊ लागले. ही कुटुंबे दरडोई खर्चाच्या चढत्या क्रमाने मांडून, त्यांचे समान संख्येचे गट पाडून, गटागटाची तुलना करण्याची रीत महालनोबिसांनी १९६० च्या सुमारास विकसित केली. सरासरी खर्च वाढला एवढेच सांगून भागत नाही. तो कोणाचा वाढला, हे विचारण्याची सोय त्यामुळे झाली.

या सोयीचा सर्वांत परिणामकारक उपयोग पुण्यात झाला. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये उभी राहिलेली आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घडवलेली गोखले अर्थशास्त्र संस्था आकड्यांच्या शिस्तीसाठी प्रसिद्ध होती. तेथील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सरासरी २,२५० उष्मांक मिळतील एवढा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर शक्य होतो, ती पातळी त्यांनी पाहणीच्या आकड्यांतून शोधली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा दरडोई सुमारे १५ रुपये आणि शहरात सुमारे साडेबावीस रुपये निघाली. त्या रेषेखाली ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक होते.

त्यांचा याहून बोचरा निष्कर्ष रांगेच्या तळाविषयी होता. साठच्या दशकात दरडोई खर्चाची सरासरी थोडी वाढली होती. परंतु ग्रामीण भागातील तळाच्या २० टक्के लोकांची स्थिती जवळजवळ जागच्या जागी राहिली होती आणि शहरांतील तळाच्या २० टक्के लोकांची तर घसरली होती. दुसऱ्या दशमकाखालच्या माणसांबद्दलचे हे विधान सरासरीतून कधीच करता आले नसते. ग्रामीण गरिबांसाठी सार्वजनिक कामे काढावीत, अशी शिफारस दांडेकर आणि रथ यांनी केली. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने त्याच काळात, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, रोजगार हमी योजना राज्यभर सुरू होत होती.

या अभ्यासाला आव्हानही एका मराठी सांख्यिकाने दिले. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे, की सरासरी गरजेचीच रेषा मानली तर चूक होते. निरोगी माणसांच्या गरजा वेगवेगळ्या असतात. एकाच माणसाचा आहारही दिवसागणिक बदलतो. म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. या वादात दोन्ही बाजूंना गरिबीचीच चिंता होती. रेषा कोठे ओढायची हा प्रश्न मात्र रांग मांडून सुटत नाही, त्यासाठी रांगेबाहेरचे ज्ञान लागते, हा धडा त्यातून मिळतो.

शाळांत हा विषय सावकाश पोचला. महाराष्ट्राचे राज्य परीक्षा मंडळ १९६६ मध्ये आणि बालभारती १९६७ मध्ये अस्तित्वात आली. १९७५ पासून शालान्त परीक्षा दहावीच्या अखेरीस होऊ लागली. दहावीच्या बीजगणितात मध्य, मध्यक आणि बहुलक येथवर विद्यार्थी पोचतो. चतुर्थक, दशमक आणि शतमक अकरावीत भेटतात: वाणिज्य शाखेच्या गणित व संख्याशास्त्रात आणि अर्थशास्त्रात. २०१९ मध्ये आलेल्या अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात तिसरे प्रकरण विभाजन मूल्यांचे आणि आठवे भारतातील दारिद्र्याचे आहे. मधली चार प्रकरणे ओलांडून या दोहोंना जोडणारा शिक्षक मिळाला, तर सूत्राला अर्थ येतो. न मिळाला तर दोन्ही प्रकरणे वेगवेगळी पाठ होतात.

वर्गातील एक उदाहरण पाहावे. अकरा विद्यार्थ्यांचे गुण चढत्या क्रमाने असे आहेत: ३१, ३८, ४२, ४७, ५१, ५६, ६०, ६४, ७१, ८३, ९४. संख्येत एक मिळवून चाराने भागले की ३ येतात. म्हणून तिसऱ्या विद्यार्थ्याचे ४२ गुण हे पहिले चतुर्थक, सहाव्याचे ५६ हे मध्यक आणि नवव्याचे ७१ हे तिसरे चतुर्थक. पहिले दशमक काढताना स्थान १.२ येते आणि वर्गात हसू फुटते, कारण १.२ वा विद्यार्थी कोणी नसतो. त्याचा अर्थ पहिल्या विद्यार्थ्यापासून दुसऱ्याकडे दोन दशांश अंतर चालणे एवढाच: ३१ आणि ३८ मधील सात गुणांचे दोन दशांश १.४, म्हणून दशमक ३२.४. क्रमाने न मांडता आकडे जसे दिले तसेच घेणे आणि स्थानालाच उत्तर समजणे, या दोन चुका येथे सर्वाधिक होतात.

आता तळाच्या मुलाचे ३१ गुण घसरून ९ झाले असे समजू. वर्गाची सरासरी बरोबर दोन गुणांनी उतरते. तिन्ही चतुर्थके मात्र तसूभरही हलत नाहीत. टोकाच्या आकड्याने विचलित न होणे हा चतुर्थकाचा गुण म्हणून पुस्तकात शिकवला जातो आणि तो खराही आहे. पण त्याच गुणामुळे ते मूल चतुर्थकाला दिसतही नाही. त्याला पाहण्यासाठी पट्टी बारीक करावी लागते. पहिल्या दशमकाचे स्थान त्या मुलाच्या जवळ पडते. म्हणून ते ३२.४ वरून १४.८ वर येते. दांडेकर आणि रथ यांनी नेमके हेच केले होते.

पालकांच्या बोलण्यात शतमक शिरले ते मात्र रांगेच्या दुसऱ्या टोकाने. राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई यांच्या विद्यार्थ्यांना अकरावीच्या प्रवेशासाठी एका यादीत कसे बसवायचे, हा प्रश्न तीव्र झाला तेव्हा राज्य शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मधील नव्वद-दहाचे सूत्रही न्यायालयात टिकले नाही. २०१० मधील ‘बेस्ट फाइव्ह’ उच्च न्यायालयाने फेटाळले, पण सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तीन उन्हाळे हजारो घरांत टक्के आणि पर्सेंटाइल हे शब्द एकमेकांऐवजी वापरले गेले. टक्के सांगतात, शंभरांपैकी किती गुण मिळाले. शतमक सांगते, शंभर जणांच्या रांगेत किती जण मागे किंवा बरोबरीने आहेत. वरच्या उदाहरणात ६४ गुणांचा विद्यार्थी अकरांत आठवा आहे; परीक्षांच्या प्रचलित सूत्राने त्याचे शतमक सुमारे ७२.७ येते. प्रश्नपत्रिका सोपी निघून पहिल्या दहांना पाच-पाच गुण अधिक मिळाले आणि अकराव्याचे गुण तेच राहिले, तरी त्याचे शतमक ७२.७ च राहते.

येथेच या मापाची अट दडलेली आहे. दोन रांगांतील शतमकांची तुलना करायची, तर दोन्ही रांगांत साधारण सारख्याच तयारीची मुले असायला हवीत. २०१९ पासून जेईई मेनचा निकाल सत्रनिहाय शतमकांत लागतो आणि त्याच वर्षापासून राज्याची सीईटीही त्या वाटेने गेली. लखनौच्या महानगर भागातील मुलगी सकाळच्या सत्रात आणि सांगलीचा मुलगा दुपारच्या सत्रात परीक्षेला बसला, तरी त्यांची तुलना करता येते, कारण हजारो विद्यार्थ्यांची सत्रांत वाटणी त्यांच्या तयारीवरून केलेली नसते. लखनौच्या मुलीने हिंदीतूनही चतुर्थक, दशमक, शतमक हेच शब्द शिकलेले असतात. संस्कृतने दोन्ही वर्गांना एकच परिभाषा दिली आहे. निरनिराळ्या परीक्षा मंडळांच्या बाबतीत मात्र ही अट आपोआप पूर्ण होत नाही. तेथे वाटणी योगायोगाने झालेली नसते. घर, शहर, फी आणि भाषा यांनी ती आधीच केलेली असते.

घरातील आणखी एका कागदावर हीच पट्टी असते. बालरोगतज्ज्ञ मुलांची उंची व वजन ज्या वाढतक्त्यावर नोंदवतात, त्यावर तिसरे, पन्नासावे, सत्त्याण्णवावे अशी शतमके रेखलेली असतात. पंचविसाव्या रेषेवरून सातत्याने वाढणारे मूल सहसा निकोप असते; रेषा ओलांडून खाली घसरत जाणाऱ्या मुलाकडे डॉक्टर लक्ष देतात. पंचविसावे शतमक म्हणजे पंचवीस टक्के गुण नव्हेत, हे ज्या पालकाला कळले, तो मुलाला निष्कारण भरवत बसत नाही.

रांगेत कोणीतरी पुढे आणि कोणीतरी मागे असणारच. सर्व मुलांनी उत्तम गुण मिळवले तरी निम्मी मुले मध्यकाच्या वर येऊ शकत नाहीत. हा मुलांचा दोष नव्हे, व्याख्येचा परिणाम आहे. गुणवत्ता यादीच्या दिवसांत वाढलेल्या माजी विद्यार्थ्यांना आणि सात दशांश स्थळांपर्यंत शतमक वाचणाऱ्या आजच्या पालकांना हे एक वाक्य सारखेच उपयोगी पडावे. चतुर्थक, दशमक आणि शतमक अकरावीत शिकवण्याचे प्रयोजनही प्रवेशाच्या यादीपुरते नाही. यादी पाहणारा विद्यार्थी वरून खाली वाचत जातो आणि आपले नाव सापडताच थांबतो. दांडेकर आणि रथ यांनी देशाची यादी खालून वाचायला घेतली होती. सूत्र दोघांचेही एकच आहे. कोणत्या टोकापासून वाचायचे, हे वर्गातच सांगावे लागते.