चीक आणि चिकू

सणसरला आमच्या काकूंनी पुण्याहून आलेल्या पोराला विचारलं, "चीक खातोस का रे?" पोराने बांधावरच्या रुईकडे पाहिलं आणि घाईने मान हलवली. त्याला काय ठाऊक, आदल्या दिवशी गाय व्यालीय!

रुईचं पान खुडलं की टपटपतो तो चीक. व्यालेल्या गाईचं पहिलं दूध चीक. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून ठेवला, की वरचं पाणी ओतल्यावर पातेल्याच्या तळाशी उरतो तोही चीकच. डिंकाची जात निराळी. तो बाभळीच्या सालीवर सुकून खडा होतो नि लाडवात जातो.

मी अडकलो ते चिकूपाशी. कच्चं फळ तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, ओठांना चिकटतो. म्हणजे चीक असलेला तो चिकू? नाही! झाड मेक्सिकोचं. तिथल्या नाउआत्ल भाषेत या झाडाच्या चिकाला 'त्सिक्त्ली' म्हणत. त्याचंच स्पॅनिश 'चिक्ले' झालं, पुढे त्या चिकाचं च्युइंग गम. फळाचं 'चिकोसापोते' हे नाव काही जण त्सिक्त्लीकडे नेतात, तर काही 'शिकोत्ली' म्हणजे भुंग्याकडे. मला भुंगा पटत नाही. चिकाने बोटं बरबटलेला माणूस फळाला भुंग्याचं नाव कशाला देईल?

फिलिपिन्समध्येही हे फळ 'चिको'च. आपल्याकडे ते नाव टिकलं, कारण चीक, चिकट, पैसा न सोडणारा चिक्कू अशी भावकी इथे आधीच नांदत होती, असा माझा दावा. बंगालीत ते सबेदा, तमिळमध्ये सपोटा. पण तमिळमध्येही 'सिक्कु' म्हणजे गुंता, अडकणं. तरी तिथे 'चिकू' हे नाव रुजलं नाही. इथे माझा दावा लंगडतो. फळ उतरलं ते बंदर वेगळं, आणणारे वेगळे, एवढं म्हणून मी पुढे सरकतो.

कारण खरी गंमत कलमात आहे. चिकूचं भेट कलम बांधतात ते खिरणीच्या रोपावर. खिरणी म्हणजे संस्कृत क्षीरिणी, दूधवाली. खाली संस्कृत दुधाचं खोड, वर मेक्सिकन चिकाची फांदी, मध्ये सुतळीचे चार वेढे. दोन्ही साली तासून एकमेकींना लावल्या, की जोडावर पांढरा थेंब येतो. तो कुणाचा, हे माळ्यालाही सांगता येत नाही.