इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांच्या नोंदींचे शुद्धीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
छापील नियतकालिकाची तालिकेतील नोंद कपाटातील अंकांशी केव्हाही पडताळून पाहता येते. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाच्या बाबतीत ही सोय नसते. तेथे अंक ग्रंथालयात नसतो, केवळ दुवा असतो. दुवा तुटला, वर्गणी संपली किंवा नियतकालिकाचे नाव बदलले तरी नोंद तशीच राहते. त्यामुळे अशा नोंदींची वेळोवेळी तपासणी अपरिहार्य ठरते. हे काम केवळ कारकुनी स्वरूपाचे नसून त्यावर संशोधनसाधनांचे जतन अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

नोंदपद्धतीचा विकास :
नियतकालिकांची नावे सारखी असतात, बदलतात, परस्परांत विलीनही होतात. यावर उपाय म्हणून आयएसएसएन क्रमांकाची योजना पुढे आली व १९७५ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याच दशकात अमेरिकेतील ग्रंथालयांनी ‘कॉन्सर’ हा सहकारी नोंदप्रकल्प उभारला. १९९० नंतर एकच नियतकालिक अनेक पुरवठादारांकडून मिळू लागले आणि एका शीर्षकाच्या अनेक नोंदी साचल्या. तेव्हा सर्व पुरवठादारांसाठी एकच नोंद असावी, असे धोरण ‘कॉन्सर’ने २००३ मध्ये स्वीकारले. पुढे २०१० मध्ये ‘केबार्ट’ या शिफारशींनी पुरवठादारांच्या याद्यांत शीर्षक, आयएसएसएन तसेच पहिल्या व अखेरच्या उपलब्ध अंकाची तारीख एकसारख्या पद्धतीने देण्याचा आग्रह धरला. यातून दोन प्रश्न वेगळे झाले : नियतकालिक कोणते, आणि त्याची कोणती वर्षे आपल्या वाचकास खुली आहेत? शुद्धीकरणात बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात.

भारतीय संदर्भ :
आपल्याकडे यूजीसी-इन्फोनेटद्वारे २००४ पासून विद्यापीठांना ई-नियतकालिके मिळू लागली. २०१० मध्ये एन-लिस्टमुळे ती महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. २०१५ मध्ये ई-शोधसिंधूची स्थापना झाली, तर १ जानेवारी २०२५ पासून केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांसाठी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुरू झाली. अशा प्रत्येक स्थित्यंतरात पुरवठादार, दुवे व उपलब्ध वर्षे बदलू शकतात. जुन्या नोंदी सरसकट काढून नवी यादी भरणे अशा वेळी सोपे वाटते. परंतु तेच धोक्याचे असते.

एक उदाहरण :
सचिन चौधरी यांनी १९४९ मध्ये मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केले. ते १९६५ अखेर बंद पडले व ऑगस्ट १९६६ पासून ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ निघू लागले. एम. एन. श्रीनिवास यांनी संपादित केलेल्या ‘इंडियाज व्हिलेजेस’ (१९५५) या ग्रंथातील लेख मूळ या पहिल्याच साप्ताहिकात आले होते. तालिकेत ‘बंद पडलेले’ म्हणून जुन्या शीर्षकाची नोंद वगळली, तर ग्रामीण समाजाच्या अभ्यासकास ते लेख मूळ स्वरूपात शोधण्याची वाटच उरत नाही. उलट दोन्ही शीर्षके एकाच नोंदीत कोंबली, तर १९५२ चा संदर्भ चुकीच्या नावाने दिला जातो. मार्क २१ मधील ७८० व ७८५ ही क्षेत्रे पूर्वीचे आणि नंतरचे शीर्षक जोडण्यासाठीच आहेत.

निष्कर्ष :
१. नोंद वगळण्यापूर्वी पहिला व अखेरचा अंक प्रत्यक्ष उघडून पाहावा.
२. छापील व इलेक्ट्रॉनिक आवृत्तींचे आयएसएसएन स्वतंत्रपणे तपासावेत.
३. शीर्षक बदलले असल्यास दोन्ही नोंदी ठेवून त्या परस्परांशी जोडाव्यात.
४. वर्गणी थांबली तरी करारानुसार जुन्या अंकांचा हक्क शिल्लक आहे काय, हे पाहावे.
५. वगळलेल्या नोंदीचा दिनांक व कारण लिहून ठेवावे.

तुटलेल्या दुव्याची तक्रार वाचक करतो. नाहीशा झालेल्या नोंदीची तक्रार कोणीच करत नाही. तालिकेत जे सापडत नाही ते अस्तित्वातच नाही, असा समज विद्यार्थी करून घेतो. म्हणूनच या कामात ग्रंथपालाबरोबर विषयाच्या अध्यापकांनीही सहभागी होणे आवश्यक आहे.