जुनी गाडी रेसची करायची? आधी ब्रेक, मग इंजिन. आणि रस्त्यावर कधीच नाही

शिरूर अनंतपाळ : तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा, एखाद्या गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली जुनी मोटारसायकल सापडतेच. कुणाच्या वडिलांची आरएक्स १००, कुणाची पहिली पल्सर, कुणाची सीबीझेड. घरातलं पोरगं मोबाइलवर व्हिडिओ बघतं आणि म्हणतं, "हिची रेसची गाडी करू." कमी पैशात अशी गाडी होते का? होते. पण आपल्याकडं पोरं काम उलट्या टोकानं सुरू करतात. आधी सायलेन्सर फोडतात, मग फिल्टर काढतात आणि ब्रेककडं बघतच नाहीत. म्हणून ही माहिती क्रमानं देत आहोत.

जुन्या गाड्यांवरच वाढलेला खेळ

भारतात मोटारसायकल रेसिंग वाढलं ते रोजच्या वापरातल्या गाड्यांवरच. चेन्नईजवळ शोलावरम इथं दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर अनेक वर्षं शर्यती झाल्या. तिथं जावा, येझदी, बुलेट आणि पुढं राजदूत आरडी ३५० अशा रस्त्यावरच्याच गाड्या सुधारून पळवल्या जायच्या.

आरएक्स १०० १९८५ साली आली आणि १९९६ ला बंद झाली. इंजिन फक्त ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर. पण वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून ती पळायची. हलकी गाडी हीच अर्धी रेसची गाडी, हे तिनं शिकवलं.

गाडी निवडताना

आज चांगल्या आरएक्सचा भाव लाखाच्या घरात गेला आहे. रेसला ती घेणं म्हणजे सोन्याचा नांगर करणं. त्यापेक्षा जुनी १५० सीसीची फोर स्ट्रोक गाडी घ्या, जिचे पार्ट लातूर, उदगीर, निलंग्यात लगेच मिळतात. इंजिन खराब असलं तरी चालेल, ते बांधता येतं. चॅसी मात्र सरळ पाहिजे. गाडी मेन स्टँडवर लावून मागून बघा. दोन्ही चाकं एका ओळीत दिसली पाहिजेत. आरसीवरचे चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवून बघा. कागद नसलेली गाडी स्वस्त मिळते, पण ती चोरीची निघाली तर पोलीस ठाण्याच्या चकरा तुमच्या.

काय काढायचं

आरसे, इंडिकेटर, हेडलाइटची काच, साडीगार्ड, लेगगार्ड, मागचं हँडल, दोन्ही स्टँड. वजन कमी होतं हे खरं, पण मुख्य कारण दुसरं आहे. गाडी पडली तर काच ट्रॅकवर पसरते, आणि वळणावर गाडी झुकली की स्टँड जमिनीला घासून चाक उचलतं. काढलेलं सगळं सामान पोत्यात बांधून जपून ठेवा.

इंजिन ऑइलच्या नटाला बारीक छिद्र पाडून तो तारेनं बांधतात, त्याला लॉक वायर म्हणतात. थरथरीनं नट सुटला आणि ऑइल मागच्या टायरवर आलं, तर तुम्ही तर पडताच, मागून येणारे चौघंही पडतात.

पहिला पैसा थांबण्यावर

वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ४० च्या वेगात जी गाडी दहा मीटरमध्ये थांबते, तिला ८० ला चाळीस मीटर लागतात. म्हणून पहिला खर्च इथं करा:

- ब्रेक लायनर किंवा डिस्कचे पॅड नवे, केबल नवी. डिस्क असेल तर जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरा. जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असतं. गरम झालं की त्याची वाफ होते आणि ब्रेक मऊ पडतो.
- हँडलचा कोनसेट, दोन्ही चाकांचे बेअरिंग आणि मागच्या चिमट्याचे बुश बदला. हे ढिले असतील तर वेगात हँडल थरथरतं.
- पुढच्या शॉकअपचं ऑइल बदला आणि सील तपासा.
- टायरवरचा शेवटचा चार अंकी आकडा वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला आहे. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर कडक होतो आणि पकड सोडतो.

दात्यांचा हिशोब

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांचं आणि मागचं ४२ चं असेल तर प्रमाण ३ होतं. पुढं १३ चं बसवलं की ते ३.२३ होतं. गाडी जोरात उचलते, पण ज्या आरपीएमला आधी १०० चा वेग होता, तिथं आता ९३ येतो. मातीच्या छोट्या ट्रॅकवर उचल लागते, लांब डांबरी ट्रॅकवर वेग लागतो. इंजिनला हात न लावता, चेन-स्प्रॉकेटच्या खर्चात एवढा फरक पडतो. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

इंजिन सगळ्यात शेवटी

फोर स्ट्रोकमध्ये आधी व्हॉल्व्हचं सेटिंग, क्लचप्लेट, कॉइल आणि प्लग ठीक करा. धूर येत असेल तर बोअर करून मोठा पिस्टन टाका. एवढ्यानं गाडीची गेलेली ताकद परत येते. नवशिक्याला त्यापुढं जायची गरज नसते.

दोन गैरसमज मात्र सोडा. एक, सायलेन्सरची जाळी काढली की गाडी पळते. टू स्ट्रोकमध्ये तर उलटंच होतं. सायलेन्सरच्या फुगीर भागातून परत येणारी दाबाची लाट ताजं पेट्रोल सिलिंडरबाहेर जाऊ देत नाही. तो आकार बिघडला की आवाज वाढतो आणि ताकद जाते.

दोन, एअर फिल्टर काढला की हवा जास्त मिळते. हवा मिळते, पण सोबत आपल्या काळ्या रानाची धूळही आत जाते आणि रिंगा खाऊन टाकते. शिवाय हवा वाढवून कार्बोरेटरचा जेट तोच ठेवला तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन चिकटतो. आमच्याच घरच्या गाडीचं पुतण्यानं हे करून ठेवलं होतं. सोयाबीनच्या पट्टीतले पैसे बोअर-पिस्टनला गेले. सीज झाली तेव्हा गाडी वेगात नव्हती, म्हणून पोरगं वाचलं.

अंगावर काय पाहिजे

आयएसआय मार्कचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघा-कोपराचे गार्ड, छाती आणि पाठीचं गार्ड. डांबरी ट्रॅकवर चामड्याचा सूट लागतो. यासाठी पैसे उरत नसतील तर इंजिनचा खर्च कापा, हा नाही.

कायदा काय म्हणतो

अशी गाडी रस्त्यावर आणली की तो गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार :

- सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावली (कलम १८९) : तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.
- गाडीत बेकायदा बदल केले (कलम १८२-अ) : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० दंड, किंवा दोन्ही.
- अल्पवयीन मुलानं गुन्हा केला (कलम १९९-अ) : पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही.

विम्याचंही बघा. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेली नसते.

मग पळवायची कुठं?

देशातल्या अधिकृत शर्यती फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया या संस्थेच्या नियमांनी होतात. भाग घ्यायला तिचं स्पर्धक लायसन्स लागतं. डांबरी ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे इथं आहेत. मातीवरच्या शर्यती आपल्या राज्यात पुणे, नाशिककडं होत आल्या आहेत आणि नवशिक्याला, कमी खर्चात, त्याच जवळच्या. गाडीत एकही बदल करण्याआधी त्या शर्यतीची नियमावली मागवा. कोणत्या वर्गात काय बदलायला परवानगी आहे ते त्यात असतं. जास्तीचा बदल केला तर गाडी तपासणीतच बाहेर काढतात. आणि गाडी चालवत नेऊ नका, पिकअपमध्ये टाकून न्या.

बैलगाडा शर्यतीला २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्यता कायम ठेवली, तरी तीही परवानगी काढून, नियम पाळूनच भरवावी लागते. मोटारसायकलला वेगळा न्याय नाही. निलंगा किंवा उदगीरचा रस्ता हा ट्रॅक नाही. तिथं समोरून उसाची ट्रॉली येते, बाजूनं शाळेची लेकरं चालतात.

पोरगं हट्टच करत असेल तर आई-बापानं नुसतं रागावू नये. त्याला म्हणावं, आधी ब्रेक उघड, बेअरिंग बदल, थांबून दाखव. जो पोरगा महिनाभर एवढं काम मन लावून करतो, त्याच्या हाताला कसब येतं. रेस झाली नाही तरी ते कसब त्याच्याकडं राहतं.