अक्षयनीवी आणि अनित्यता : लेण्यांतील दानलेखांच्या आधारे एक विचार

संस्कार अनित्य आहेत, हे बुद्धधम्माचे मूलतत्त्व होय. जे उत्पन्न होते ते लयास जाते, हे ज्याने जाणले त्याने कोणत्याही वस्तूला 'अक्षय' म्हणू नये, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु महाराष्ट्रातील बुद्धलेण्यांच्या भिंतींवर 'अखयनिवि' हा शब्द पुन्हा पुन्हा आढळतो. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशा अटीवर ठेवलेली कायम ठेव. अनित्यतेचा उपदेश ऐकणाऱ्या उपासकांनी भिक्खुसंघासाठी अशा कायम ठेवी ठेवाव्यात, ही विसंगती म्हणावी काय? राज्ये बदलली, व्यापाराच्या वाटा बदलल्या, नाणीही बदलली. तेव्हा या ठेवींची आणि त्या सांभाळणाऱ्या श्रेणींची वाट काय झाली? प्रस्तुत लेखात काही निवडक शिलालेखांच्या आधारे या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. हा विचार केवळ पुराणवस्तूंच्या जिज्ञासेपोटी नाही. ज्यांचा धंदा, नोकरी किंवा गाव डोळ्यांदेखत बदलत आहे, अशा आजच्या उपासकालाही त्यातून काही घेण्यासारखे आहे.

त्रिरश्मीवरील ठेव

नाशिकजवळच्या त्रिरश्मी पर्वतावरील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दिनिकाचा पुत्र उषवदात याने संघाला दिले. वर्ष ४२ च्या लेखात त्याने तीन हजार कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद केली आहे. ही रक्कम गोवर्धन नगरातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली. एका श्रेणीकडे दोन हजार, व्याज शेकडा एक. दुसरीकडे एक हजार, व्याज शेकडा पाऊण. (लेखातील 'पायून' या शब्दात आपला 'पाऊण' स्पष्ट ऐकू येतो.) पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. हा दर दरमहा धरला तर महिन्याला वीस आणि वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण होतात. आणि वीस भिक्खूंचे प्रत्येकी बारा म्हणजेही नेमके तितकेच. हिशेब इतका काटेकोर होता.

या व्यवहाराची घोषणा निगमसभेत झाली आणि रिवाजाप्रमाणे त्याची दप्तरी नोंदही झाली. मुद्दल परत करावयाचे नाही, असे लेख स्पष्ट बजावतो. याचा अर्थ असा की दात्याचा विश्वास धनाच्या राशीवर नव्हता. धन पेटीत पडून राहिले असते तर त्याला व्याज आले नसते. ते विणकरांच्या मागावर फिरत राहणार होते. त्यातून वस्त्र निघणार, वस्त्र विकले जाणार आणि त्या व्यवहारातला एक ठरलेला वाटा चीवर होऊन संघाकडे येणार होता. ठेव 'अक्षय' राहण्याची अट हीच होती की ती सतत हलती राहावी.

राज्य बदलले

उषवदाताने हे दान दिले तेव्हा क्षहरातांची सत्ता दृढ होती. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने त्यांचा पराभव केला. या बदलाचा बोलका पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे मिळाला. तेथील तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांच्या साठ्यात नहपानाची नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला होता. जुने चलन वितळवून टाकण्याऐवजी त्याच चांदीवर नवी मुद्रा उमटविण्यात आली.

संघाच्या जमिनीचेही काहीसे असेच झाले. वर्ष १८ मध्ये गौतमीपुत्राने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठविली आणि त्यानुसार पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील भिक्खूंना देण्यात आले. राजे एकमेकांचे वैरी होते. पण पर्वतावरील संघाचा आधार दोघांनीही चालविला.

यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो वर्ष २४ चा लेख. गौतमीपुत्र आणि राजमाता यांच्या नावाने निघालेल्या या आज्ञेत असे कळविले आहे की, कखडी गावात पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले राहिलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीपैकी शंभर निवर्तने भिक्खूंना द्यावीत. अवघ्या काही वर्षांत गाव उजाड झाले आणि राजाच्या दानाला अर्थ उरला नाही. राजाज्ञा दगडावर कोरलेली होती, म्हणून ओसाड शेतात पीक आले नाही. हे कोणीतरी पाहिले, दप्तराला कळविले, आणि दप्तराने पूर्वीचे दान निष्फळ झाल्याचे मान्य करून नवे दान दिले. तेही त्याच लेण्याच्या भिंतीवर, सर्वांना दिसेल असे कोरून ठेवले. अनित्यतेला उत्तर कसे द्यावे, याचा इतका साधा आणि प्रामाणिक दाखला प्राचीन लेखांत क्वचितच सापडेल.

एकाच ठिकाणी सर्व नको

तिसऱ्या शतकात नाशिकवर आभीरांचे राज्य आले. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातील उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी अक्षयनीवी ठेवली. तिने आपली रक्कम एकाच श्रेणीकडे दिली नाही. कुलरिक (बहुधा कुंभार), पाण्याची यंत्रे करणारे ओदयंत्रिक आणि तेल गाळणारे तिलपिषक यांच्या श्रेणींचा लेखात उल्लेख आहे. उषवदाताची ठेव दोन श्रेणींत विभागलेली असली तरी दोन्ही श्रेणी विणकरांच्याच होत्या. विष्णुदत्तेची ठेव निरनिराळ्या व्यवसायांत पसरली. तिचा हेतू लेख सांगत नाही, परंतु परिणाम उघड आहे. एखाद्या वर्षी तिळाचे पीक बुडाले तरी कुंभाराचे चाक फिरतच राहणार आणि आजारी भिक्खूचे औषध बंद पडणार नाही.

या सावधगिरीला त्या काळात कारणेही होती. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराची हकिकत आली आहे. एके काळी अधिकृत व्यापारपेठ असलेल्या या बंदरात पुढे अडथळे निर्माण झाले आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जाऊ लागली. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी अग्रभागी होते. आपल्या बंदराचे दरवाजे दुसऱ्याच्या इच्छेने बंद होऊ शकतात, हे त्या नगराला ठाऊक होते.

स्थलांतर करणारी श्रेणी

श्रेणी स्वतःच गाव सोडून गेली तर काय होई? या प्रश्नाचे उत्तर लेण्यांत मिळत नाही. त्यासाठी पाचव्या शतकातील दोन लेखांकडे वळावे लागते. दोन्ही लेख सूर्यमंदिरांशी संबंधित आहेत, बौद्ध नाहीत. पण श्रेणींच्या इतिहासासाठी ते अमोल आहेत.

पहिला लेख माळव्यातील मंदसोरचा. लाट देशातील, म्हणजे दक्षिण गुजरातेतील, रेशीम विणकरांची एक श्रेणी आपल्या कुटुंबांसह दशपुरास येऊन राहिली. तेथे काहींनी विणकामच चालू ठेवले. काहींनी धनुर्विद्या आत्मसात केली, काही ज्योतिषाकडे, तर काही कथाकथनाकडे वळले. तरीही त्यांची श्रेणी मोडली नाही. मालव संवत ४९३ मध्ये (इ. स. ४३६-३७) तिने सूर्यमंदिर बांधले, आणि त्याचा काही भाग खचल्यावर संवत ५२९ मध्ये (इ. स. ४७३ च्या सुमारास) तिनेच त्याची दुरुस्ती केली. गाव बदलले, अनेकांचा व्यवसाय बदलला. परस्परांशी असलेले बंधन मात्र कायम राहिले.

दुसरा लेख उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात सापडलेला इंदोरचा ताम्रपट, गुप्त संवत १४६ (इ. स. ४६५-६६) चा. मंदिरातील दिव्याच्या तेलासाठी इंद्रपूरच्या तेल्यांच्या श्रेणीकडे दान सोपविण्यात आले. श्रेणी ही वस्ती सोडून अन्यत्र गेली तरी, जोपर्यंत तिची एकजूट अभंग आहे तोपर्यंत या दानावर तिचा अधिकार राहील, अशी त्यात व्यवस्था आहे. करार करतानाच बदल गृहीत धरलेला आहे. स्थान टिकेल अशी दात्याची अपेक्षा नाही. एकजूट टिकावी, एवढीच अट आहे.

कान्हेरीचा दीर्घ काळ

या दृष्टीने कान्हेरीकडे पाहावे. तेथील दानलेखांची परंपरा सातवाहन काळापासून राष्ट्रकूट काळापर्यंत येते. नवव्या शतकात, सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार यांच्या काळात, दूरच्या गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्खूंच्या वस्त्रांसाठी शंभर द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली. उषवदाताचे कार्षापण इतिहासजमा झाले होते. द्रम्म आले होते. दाता आता गोवर्धन-कल्याणचा नव्हता, बंगालकडचा होता. भिक्खूला चीवर हवे, एवढेच काय ते पूर्वीसारखे होते.

कान्हेरीचा विहारही अखेर थांबला. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये तेथे आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत. जेथे भिक्खूंचे पाठ चालत, तेथे पाहुण्यांच्या सह्या उरल्या. तेव्हा या व्यवस्थांनी अनित्यतेवर मात केली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. त्यांनी शतकानुशतके अनित्यतेशी समजून-उमजून व्यवहार केला, एवढेच म्हणता येईल आणि तेवढे पुरेसे आहे.

गृहस्थाचा धम्म

हा व्यवहार धम्माबाहेरचा नव्हता. दीघजाणू या कोलिय गृहस्थाने ऐहिक जीवनात सुख कशाने लाभेल असे विचारले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : उद्योगातील तत्परता, मिळविलेल्या धनाचे रक्षण, कल्याणमित्रांची संगती आणि आय-व्ययाचा तोल राखून केलेली उपजीविका. धन ज्यांच्यापासून राखावयाचे त्यांत चोर, अग्नी आणि पूर यांच्याबरोबर राजाचाही उल्लेख आहे. सिगालोवाद सुत्तात धनाचे चार भाग करण्यास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्काळासाठी. आपत्ती येणारच, हे त्या चौथ्या भागात मान्य केलेले आहे. अनित्यता म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. संस्कार नाशवंत आहेत, हे सांगतानाच तथागतांनी अखेरच्या क्षणी अप्रमादाचा आदेश दिला, हे महापरिनिब्बान सुत्ताच्या वाचकाला ठाऊक आहे.

बदलण्याचे स्वातंत्र्य

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. मंदसोरचा विणकर धनुर्धारी झाला, ज्योतिषी झाला. पण ज्याला दुसऱ्या व्यवसायाचे दारच बंद आहे, त्याने बदलाला तोंड कसे द्यावे? मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला कताईत काम मिळे; अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात मात्र प्रवेश नसे, कारण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होतो असे इतर कामगार मानीत. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये त्यांनी त्याचे मूळ उघड केले. उद्योगधंदे स्थिर नसतात, त्यांत एकाएकी बदल होतात. अशा वेळी माणसाला व्यवसाय बदलण्याची मोकळीक हवी, आणि जातिव्यवस्था ती देत नाही म्हणून ती बेकारीचे थेट कारण ठरते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अनित्यतेवर विश्वास ठेवणे हा धम्म होय, असे पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगणाऱ्या बाबासाहेबांनी त्या तत्त्वाची सामाजिक बाजू आधीच ओळखली होती. सर्व काही बदलते, तर जातही बदलली पाहिजे. ती बदलू न देणारी व्यवस्था निसर्गनियमाविरुद्ध उभी आहे.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. गोवर्धनच्या विणकरांची श्रेणी जशी आज नाही, तशा त्या गिरण्याही आज नाहीत. हा बदल कोणाला टाळता आला असता की नाही, हा निराळा विषय आहे. परंतु कामगाराच्या पाठीशी श्रेणीची एकजूट होती काय, चौथा भाग राखलेला होता काय, दुसरे कौशल्य शिकण्याचे दार उघडे होते काय, हे प्रश्न प्राचीन लेख आजही आपल्याला विचारतात.

आपल्या वस्त्यांतील विहारांचे निधी, पतसंस्था, वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या या एका अर्थाने आजच्या अक्षयनीवीच आहेत. त्यांच्या विश्वस्तांनी उषवदाताचा काटेकोर हिशेब आणि विष्णुदत्तेची सावधगिरी जरूर घ्यावी. पण त्याहून अधिक, वर्ष २४ ची ती आज्ञा ध्यानात ठेवावी. जे शेत कसले जात नाही ते दरवर्षी अहवालात दाखवीत न बसता, ते ओसाड पडले आहे असे सभेत सांगावे आणि सीमेवरची दुसरी जमीन शोधावी. भिक्खूला चीवर, आजाऱ्याला औषध आणि मुलाला शिक्षण मिळणे महत्त्वाचे. ते कोणत्या शेतातून आले, हे वेळोवेळी बदलणारच आहे.